आडवी कुंडी

१

"आमच्या बींदणीला, धाकट्या सुनेला, हे वेड लावू नका, सरलाबाई. तुमची बदली झाली की तुम्ही जाल. ती इथेच राहणार आहे."

आमच्या घरमालक शेठच्या आई हुलासबाई, सगळ्यांच्या माजी, असं म्हणाल्या तेव्हा त्यांच्या हातात जपमाळ होती आणि माझ्या हातात खुरपं. मी हसले. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकल्याचा ताठा तेव्हा माझ्या अंगात भरपूर होता.

"माजी, फुलंच लावतोय आम्ही, बाँब नाही."

त्या हसल्या नाहीत.

साल चौतीस. आम्ही तळोद्याला होतो. हे शेतकी खात्यात, महिन्यातले वीस दिवस दौऱ्यावर. मारवाडी जैन किशनलाल शेठच्या घराच्या मागच्या दोन खोल्या भाड्याने घेतलेल्या, मांडीवर तान्ही चिमी आणि समोर परसू. त्या परसाला तीन बाजूंनी उंच भिंत. चौथ्या बाजूला शेठचं घर.

भूरी म्हणजे शेठच्या धाकट्या भावाची, उमेदमलची, बायको. विषमज्वराने तो गेला तेव्हा तिला तिसरा महिना होता. त्यांच्याकडे विधवेने वर्षभर उंबरा ओलांडायचा नाही. परसावरचं आभाळ तेवढं तिचं. मुलगा झाला, त्याला सगळे गीगा म्हणत, म्हणजे त्यांच्या बोलीत बाळच. भूरीचं वय वर्षं एकोणीस, पण वाफ्यात बसली की शाळकरी पोरीसारखी वाटायची.

डोंगरातून मोळ्या घेऊन येणारा दलसिंग आम्हाला कंद आणून द्यायचा. पहिल्याच खेपेला त्याच्या टोपलीत दोन जाती मिसळलेल्या निघाल्या. एक खरी भुईआमरी, म्हणजे जमिनीत वाढणारं ऑर्किड. तिचं फूल पानाआधी येतं, आणि जमिनीखाली दरवर्षी एकेक मणी वाढत जाऊन कंदांची माळ होते. दुसरी साधी रानहळद. दोन्ही पाऊस पडल्यावर सारख्याच हिरव्या. ओळखायला शिकावं म्हणून आम्ही त्यांच्या दोन रांगा लावल्या, भिंतीकडे खरी आणि दारापाशी खोटी.

भूरी आठ दिवसांत पटाईत झाली. "मधे जाड शीर, चोळलं की हळदीचा वास, ती खोटी," ती म्हणायची. "पंख्यासारख्या चुण्या आणि वास काहीच नाही, ती खरी. खोटीच जास्त नटते, नाही का सरलाताई?"

एकपानी नावाची आणखी एक आमरी तिने कुंडीत लावून माडीवरच्या खिडकीत ठेवली होती. एकच पान, बदामासारखं. मी तिला सांगून ठेवलं होतं, "आश्विनात पान पिवळं पडेल. तेव्हा पाणी तोडायचं आणि कुंडी आडवी करून ठेवायची. गडगडू नये म्हणून खाली दोन खडे. लोकांना वाटेल झाड मेलं. ते मेलेलं नसतं, आत निजलेलं असतं."

"आत आहे, एवढं आपल्याला ठाऊक असलं म्हणजे झालं," भूरी म्हणाली होती.

आश्विन शुद्ध चतुर्दशीला सकाळी मी चिमीला न्हाऊ घालून धुरी देत होते, तेवढ्यात नोजीबाईंची किंकाळी ऐकू आली. नोजीबाई म्हणजे किशनलाल शेठची बायको, भूरीची मोठी जाऊ.

"भूरी गेली! गीगाला टाकून गेली!"

मी ओल्या हातांनी परसात धावले. भूरी कुठेच नव्हती. वाफ्यातली एक अख्खी रांग मुळासकट उपटून नेलेली होती.

२

"पहाटेच गेली," किशनलाल शेठ फौजदारांना सांगत होते. "त्या भिल्लाबरोबर. रोज परसात काय बोलणं, काय हसणं! जाताना लाडकी झाडंही खणून नेली. त्याच्या झोपडीपुढे लावायला."

त्यांचा आवाज अगदी शांत होता, आणि भावजय गेलेल्या माणसाचा तो वाटत नव्हता. पण मला कोणी विचारलं नव्हतं.

संध्याकाळपर्यंत दलसिंगला बाजारातून धरून आणलं. दुसऱ्या दिवशी भाजीच्या निमित्ताने मी चावडीवरून गेले. गजांआड तो उकिडवा बसला होता. एक डोळा सुजून मिटलेला.

"बाई, मी काहीच करेल नही शे," तो म्हणाला. "ती माले भाऊ म्हने. मी कथा लई जासू तिले?" खरंच, तो तिला कुठे नेणार होता?

"झाडं कोणी नेली, दलसिंग?"

"माले काय माहीत? पन बाई, हिरवं पान ऱ्हास तवय कांदा काढतस का कोनी? मरी जास तो. तिले ते माहीत शे."

शिपायाने काठी आपटली. मी चिमीला घट्ट धरून तिथून निघाले.

घरी नोजीबाई ओसरीवर गीगाला थोपटत बसल्या होत्या. डोळे रडून लाल. रडणं खोटं नव्हतं, एवढं मी आजही म्हणेन.

"आता याचं कोण, बाईसा? मीच. देवाने बारा वर्षांनी माझी ओटी भरली, पण अशी!"

"भूरीच्या भावाला कळवलंत?" धर्मचंद खांडबाऱ्याला राहायचा. स्टेशनाजवळ त्याचं किराणा दुकान होतं. वर्ष सरलं की भाऊबीजेला तो बहिणीला आणि गीगाला न्यायला येणार, हे भूरी महिनाभर बोटांवर मोजत होती.

"कळवलं. तो कशाला येतोय आता? काळं तोंड बघायला?"

माजी आत जपमाळ ओढत होत्या. मी दारात उभी राहिले तरी त्यांनी वर पाहिलं नाही.

"मी सांगितलं होतं तुम्हाला," एवढंच बोलल्या.

त्या क्षणी मला खात्री वाटली की यात हात असलाच तर या म्हातारीचा. घरच्या सगळ्या किल्ल्या तिच्या कमरेला, आणि धमकीही तिनेच दिलेली.

वळले तर मागे शेठ उभे.

"ताई, तुम्ही लेकुरवाळ्या. साहेब गावाला. परसातली पायवाट बंद करतोय आजपासून, साप निघाला म्हणतात. तुम्ही आपलं बाळाला जपा."

पायवाटेवर काटेरी झाप पडला. माझ्या खोल्यांना आता बाहेर पडायला एकच दार उरलं, तेही शेठच्या ओसरीतून. आत-बाहेर करताना मला रोज त्यांच्या नजरेखालून जावं लागणार होतं.

झापाच्या फटीतून मी वाफा पाहिला. भिंतीकडची रांग जशीच्या तशी उभी होती. खड्ड्यात एक तुटका तुकडा राहिला होता, आणि तो आतून पिवळा होता.

नेलेली होती ती रानहळद. खऱ्या आमरीला कोणी शिवलंही नव्हतं.

३

त्या दिवसापासून मी शिवणाच्या टाक्यांसारखा एकेक क्षण उसवू लागले.

भूरी स्वतःची झाडं नेताना चुकेल? डोळे बांधले तरी नाही. ती रांग अशा माणसाने उपटली, ज्याला आमरी ओळखता येत नव्हती. दारापाशी होती, जास्त नटलेली होती, तीच लाडकी असं त्याला वाटलं. भूरी आपल्या पायांनी गेली, हे दाखवायला कोणीतरी ती उपटली.

मग आठवलं ते दुपट्यांचं. सूर्य उगवल्यावर मी चिमीची दुपटी दोरीवर टाकली. दोरी वाफ्यावरूनच जाते. दुपट्यांचं पाणी टपटप रानहळदीच्या पानांवर पडलेलं मी पाहिलं होतं. पहाटे गेलेली बाई सूर्य उगवल्यानंतर रांग कशी उपटेल?

हे मी कोणाला सांगणार? हे दौऱ्यावर. शेजारच्या बाया शेठच्या नात्यातल्या. चिमीला दात येत होते, ती रात्रंदिवस कुरकुरत होती, आणि तिच्या रडण्याच्या मधल्या फटींत मी त्या घराचे आवाज ऐकत होते.

आठव्या दिवशी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. गीगा रडत नव्हता.

पाच महिन्यांचं अंगावरचं पोर आईविना आठ दिवस काढतं आणि रडत नाही? नोजीबाई म्हणाल्या, "शेळीचं दूध पितो हो, गुणी आहे." ओसरीबाहेर काळी शेळी बांधलेली होती खरी. पण झाप पडल्यापासून माझी दुपटी ओसरीवरच्या दोरीवर वाळत, आणि त्याच दोरीवर गीगाचे लंगोटही असायचे. वाचकांनी क्षमा करावी, पण आईचे डोळे कुठे जातात ते आईच जाणे. वरच्या दुधावरच्या मुलाचे डाग पांढुरके आणि उग्र वासाचे असतात. गीगाच्या लंगोटांवर मोहरीसारखा पिवळा डाग होता, थेट चिमीच्या दुपट्यांवरच्यासारखा.

त्या पोराला आईचं दूध मिळत होतं.

दिवसातून चार वेळा नोजीबाई त्याला "ऊन दाखवायला" माडीवर नेत. शेवटच्या खेपेला दिवेलागणीला नेत तेव्हा ऊन कधीच गच्चीवरून उतरलेलं असायचं.

४

माडीवर मागच्या बाजूला गोधड्यांची एक खोली होती. "उंदीर झालेत, बंद आहे," असं सगळे सांगायचे. तिची खिडकी माझ्या दारातून दिसायची, पण दारं नेहमी लावलेली असायची. गजांबाहेरच्या फळीवर भूरीची कुंडी होती, आणि एकपानीचं पान रोज थोडं पिवळं पडत होतं.

वसुबारसेच्या सकाळी मी चिमीला काऊ दाखवत होते. वर पाहिलं.

कुंडी आडवी होती.

वाऱ्याने पडली म्हणावं, तर ती खाली येऊन फुटली असती. मांजराने पाडली म्हणावं, तर तिचं तोंड भिंतीकडे वळलेलं नसतं. आणि कुंडीखाली दोन खडे होते, एक इकडे, एक तिकडे, गडगडू नये म्हणून.

अख्ख्या तळोद्यात हे दोन खडे ठेवणारी दोनच माणसं होती. त्यातली एक मी.

ती आत होती. मग ओरडत का नव्हती? मी चिमीकडे पाहिलं आणि मला उत्तर मिळालं. "तोंड उघडलंस तर गीगाला वर आणणार नाही." एवढं म्हटलं की कुठलीही आई दगड होते.

मी मोठ्याने म्हणाले, "चिमे, बघ गं, एकपानी निजली! आम्हाला कळलं हं, निजली ती!"

खिडकीचं दार केसभर हललं. आणि मागून नोजीबाईंचा आवाज आला, "कोणाशी बोलता, बाईसा?"

"लेकीशी," मी म्हणाले.

त्या हसल्या. "आमच्या गीगाने काल खीर चाटली! दोन बोटं. दिवाळीनंतर रोजच देणार. मग दुधाचं नावही काढणार नाही तो."

त्या आनंदाने सांगत होत्या. गीगा खीर खाऊ लागला की वरच्या खोलीतल्या बाईची या घराला गरज उरणार नव्हती. चातुर्मास संपला की मारवाडकडे गाड्या सुटतात. तिकडच्या कुठल्या कोपऱ्यात ती गेली असती, कोणी विचारलंही नसतं. जी पळून गेलीच आहे, तिला शोधायचं कोणी?

५

धनत्रयोदशीला हे आले. मी चिमीला त्यांच्या हातात दिलं आणि सगळं सांगितलं.

"आपण भाडेकरू, सरला," ते कुजबुजले. "शेठचं वजन केवढं आहे. आणि पुरावा काय? एक कुंडी?"

"कुंडी, दूध आणि हळद."

"फौजदार हसतील."

"हसू देत. धर्मचंद हसणार नाही. तुमच्या टपालातून चिठ्ठी जाऊ दे, ओसरीवरच्या माणसाच्या हातात नको. दलसिंगचा दुसरा डोळा मिटायची वाट बघायची का?"

ते बराच वेळ चिमीची मूठ उघडत-मिटत बसले. मग त्यांनी कोट चढवला. चिठ्ठीत मी तीनच ओळी लिहिल्या होत्या. बहीण घरातच आहे. भाऊबीजेला या. फौजदारांना घेऊन या, आणि येताना ओवाळणी विसरू नका.

६

भाऊबीजेला दुपारी ओसरीवर धर्मचंद उभा. सडपातळ, धुळीने माखलेला. प्रकाशा गावची नाव चुकली म्हणून तापीच्या काठावर रात्र काढून आलेला. मागे फौजदार, चेहऱ्यावर कंटाळा.

"या," किशनलाल म्हणाले. "लाज आम्हालाही आहे. पण जी गेली ती गेली."

"जाताना तिने लाडकी झाडं नेली ना शेठ?" मी दारातून विचारलं. "आपण परसात चला. फौजदारसाहेबांनाही दाखवा."

झाप बाजूला झाला. मी उरलेल्या रांगेकडे बोट केलं. "ही कोणती?"

"ही रानहळद. कचरा. आमरी तिने नेल्या, हा पाहा खड्डा."

मी रांगेतलं एक पान तोडून फौजदारांच्या तळहातावर चोळलं. "वास येतो?"

"नाही बुवा."

मग खड्ड्यातला तुकडा उचलून मोडला. आतून पिवळा. त्यांनी हुंगला आणि भुवया वर गेल्या. "ही तर हळद."

"दिवसरात्र वाफ्यात बसणारी मुलगी हळद घेऊन पळाली आणि आमरी ठेवून गेली?"

"अंधारात चुकली असेल," शेठ म्हणाले.

"अंधार नव्हता. चौदसीचा सूर्य उगवल्यावर माझी दुपटी या हळदीच्या पानांवर टपकत होती. रांग त्यानंतर उपटली."

धर्मचंद पुढे आला. 

"चौदस लागल्यावर? शेठजी, माझी बहीण चातुर्मासात चौदसीला कोथिंबिरीची काडी तोडत नाही. सातव्या वर्षापासून. ती मातीत हात घालेल? जीव गेला तरी नाही." त्याने एकेकाकडे पाहिलं. "तुमच्या घरातही सगळ्यांचं तेच व्रत आहे. मग त्या दिवशी माती कोणी उकरली?"

माजींच्या हातातली माळ थांबली. त्यांनी थोरल्या मुलाच्या हातांकडे पाहिलं. मला वाटतं, सुनेला कोंडल्याचं त्यांना ठाऊक होतं. चौदसीच्या मातीचं नव्हतं.

"भाडेकरणीच्या वेडेपणावर..." शेठ सुरू झाले.

"मग गीगाला दूध कोण पाजतं?" मी म्हणाले. "नोजीबाई, लंगोट दाखवू? की साहेबांना वर पाहू दे? कुंडी कोणी निजवली, खडे कोणी लावले?"

नोजीबाईंनी गीगाला छातीशी आवळलं. "माझा आहे तो," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा, हळू, "माझा आहे."

"वरच्या खोलीची किल्ली हरवलीय," शेठ म्हणाले.

माजी उठल्या. कमरेच्या जुडग्यातून त्यांनी एक किल्ली सोडवली. त्यांना वेळ लागला. गाठ बरेच दिवस सुटलेली नसावी.

"ही दुसरी. अठरा दिवस मी कमरेला बांधून फिरतेय," त्या धर्मचंदला म्हणाल्या. "वारस घरातून जाऊ नये, असं मलाही वाटलं. जा, घेऊन ये तिला."

भूरी जिन्यावरून एकेक पायरी हाताने चाचपत उतरली, उजेडाने डोळे मिटलेले. सरळ गेली आणि नोजीबाईंपुढे हात पसरून उभी राहिली. नोजीबाईंची बोटं धर्मचंदने एकेक करून सोडवली, पण हळुवार.

दिवेलागणीपूर्वी दलसिंग सुटला. फौजदारांनी बाकी सगळं "घरातला तंटा" म्हणून मिटवलं. किशनलाल शेठना कोणी शब्दानेही बोललं नाही.

७

भूरी खांडबाऱ्याला आहे. दुकानामागे तिने आमरीची रांग लावलीय आणि गीगा आता माती खातो, असं ती लिहिते. तिची काळजी मला नाही.

पौषात आमची बदली झाली. सामान गाडीत चढत असताना माजी माझ्याकडे आल्या.

"तुमची एक कुंडी ठेवून जा," त्या म्हणाल्या. "आणि ती कशी निजवायची ते मला नीट सांगा. खडे कुठे, तेही."

"माजी, तुम्ही चला ना कुठे. लेकीकडे?"

"लेक नाही मला. तुम्ही जाल, मी इथेच राहणार आहे," त्या म्हणाल्या. बाहेर ओसरीवर शेठ उभे होते. किल्ली दिल्यापासून त्या घरात आईशी कोणी बोलत नव्हतं, आणि किल्ल्यांचा जुडगा आता नोजीबाईंच्या कमरेला होता.

मी त्यांना सांगितलं. आश्विनात पान पिवळं पडेल तेव्हा आडवी करायची, त्याआधी कधीच नाही, पावसात तर मुळीच नाही. पावसाळा हा तिचा वाढायचा काळ. त्यांनी ते दोनदा माझ्याकडून म्हणवून घेतलं.

आज मी रत्नागिरीच्या बाजूला आहे. दुसरं बाळ वीस दिवसांचं आहे, घाट बंद आहेत, मला कोणी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू देत नाही. माजींना पाठवलेल्या तीन पत्रांचं उत्तर नाही. फौजदारही बदलून गेले. काल दलसिंगने शाळेतल्या गुरुजींकडून लिहवलेलं कार्ड आलं. गुरुजींनी त्याचे शब्द तसेच उतरवलेत:

"बाई, म्हातारी महिनाथीन दिसनी नही. इचारं तं सांगतस, जत्राले गयी. पन माडीनी खिडकीमा कुंडी शे. हिरवं पान शे, पानी पडी ऱ्हायनं, अन कुंडी आडवी शे. खाले दोन खडा शेत."

श्रावण चालू आहे, आणि पावसात कुंडी आडवी करायची नाही हे माजींना पाठ आहे.

हे वाचणारं कोणी तळोद्याला राहत असेल, किंवा नंदुरबारहून मोटारीने तिकडे जाणार असेल, तर एवढं करा. बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत निळ्या दाराचं घर आहे, ओसरीबाहेर काळी शेळी बांधलेली असते. जत्रेचं ऐकू नका. उंदरांचंही ऐकू नका. हुलासबाईंना माडीवर जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी पाहून या, आणि मला कळवा. हसून परत फिरू नका. मी एकदा हसले होते.